कसडोलचा हिशेब

१९६९च्या मार्च महिन्यात भोपाळमध्ये तेरा दिवसांचे एक सरकार येऊन गेले. राजा नरेशचंद्र सिंह हे त्या सरकारचे मुख्यमंत्री. संयुक्त विधायक दलाचा प्रयोग तोवर मोडकळीस आला होता. वीस महिन्यांपूर्वी काँग्रेस फोडून बाहेर पडलेले गोविंद नारायण सिंह पुन्हा काँग्रेसच्या दारात उभे होते, आणि ज्यांचे सरकार त्यांनी पाडले ते द्वारकाप्रसाद मिश्र पुन्हा मुख्यमंत्री होणार, हे जवळपास ठरल्यासारखेच होते. तसे झाले नाही. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने जबलपूर येथे मिश्र यांच्या कसडोलच्या पोटनिवडणुकीसंबंधी त्यांच्याविरुद्ध निकाल दिला आणि मुख्यमंत्रिपदाची वाट बंद झाली. २६ मार्च १९६९ रोजी शपथ घेतली ती श्यामाचरण शुक्ल यांनी.

मिश्र यांच्यावर शाबीत झालेला प्रमुख दोष कायद्याने ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा अधिक निवडणूक खर्च केल्याचा होता. ही जादा रक्कम मध्य प्रदेशच्या राजकीय वर्तुळात आजही २४९ रुपये ७२ पैसे अशी सांगितली जाते. लाच घेतली, कंत्राट दिले, जमीन लाटली, असा कोणताही आरोप त्या खटल्यात नव्हता. देशातील एका मोठ्या राज्याचे मुख्यमंत्रिपद ज्या रकमेपायी हुकले, ती त्या काळातील एखाद्या वरिष्ठ कारकुनाच्या महिन्याच्या पगाराच्या आसपासची होती. लोकप्रतिनिधींवर पैशाची सत्ता कशी चालते आणि त्यातल्या नेमक्या कोणत्या पैशावर कायद्याची नजर पडते, हे समजून घ्यायचे तर मिश्र यांच्या चरित्राइतके बोलके उदाहरण सापडणे कठीण आहे.

५ ऑगस्ट १९०१ रोजी उन्नाव जिल्ह्यातील पडरी गावी जन्मलेल्या मिश्र यांचे शालेय जीवन रायपुरात गेले. मात्र त्यांची राजकीय कर्मभूमी जबलपूर. छावणी, तोफगाड्यांचा कारखाना आणि रेल्वे जंक्शन यांमुळे वाढलेल्या या शहरात १९२०च्या सुमारास सार्वजनिक जीवनाचा केंद्रबिंदू एक सावकारी वाडा होता. राजा गोकुलदास यांच्या घराण्याची पेढी आणि मालगुजारी नर्मदेच्या खोऱ्यात दूरवर पसरलेली होती. शहराच्या नळपाणी योजनेलाही या पेढीने कर्ज पुरवलेले. सरकारदरबारी मान असलेल्या या घराण्यातील नातू, सेठ गोविंददास, गांधीजींच्या असहकाराच्या हाकेसरशी काँग्रेसमध्ये आले. पुढे त्यांनी वडिलोपार्जित संपत्तीवरचा हक्कही सोडला. हिंदीचा कैवार, नाट्यलेखन आणि तुरुंगवास यांत रमलेल्या या धनिकपुत्राभोवती तरुणांचा जो गट जमला, त्यात मिश्र अग्रभागी होते. ‘श्रीशारदा’ मासिक आणि नंतर ‘लोकमत’ दैनिक (नागपूरच्या मराठी दैनिकाशी या नावाचा काही संबंध नाही) यांचे संपादन त्यांनी केले. या उपक्रमांमागे गोविंददासांचा आधार होता.

म्हणजे मिश्र यांच्या राजकारणाचा आरंभही एका धनाढ्य घराण्याच्या आश्रयाने झाला. हे सांगण्यात त्यांचा अधिक्षेप नाही. त्या काळी काँग्रेसला मिळणारा पैसा परतावा मागत नसे, असे सरसकट म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. मुंबई, अहमदाबाद आणि कलकत्त्याच्या गिरणीमालकांचे हिशेब वेगळे होते. परंतु जबलपूरच्या सेठजींना या गुंतवणुकीतून मिळाला तो तुरुंगवास. देणारा आणि घेणारा दोघेही एकाच कोठडीत जात होते तोवर देणगीचा प्रश्न नैतिक पेच बनला नाही. देणाऱ्याला परवाना हवा आहे आणि घेणाऱ्याच्या हाती परवान्याची लेखणी आहे, अशी वेळ आली तेव्हा चित्र पालटले.

१९२६मध्ये मिश्र मध्यवर्ती कायदेमंडळावर निवडून गेले. मतदानाचा हक्क तेव्हा मूठभर मालमत्ताधारकांपुरता होता, त्यामुळे निवडणूक ही प्रतिष्ठितांच्या घरी जाऊन उरकता येई. १९३७ साली प्रांतिक स्वायत्ततेखाली निवडणुका झाल्या आणि नागपुरात डॉ. ना. भा. खरे यांचे मंत्रिमंडळ आले, त्यात मिश्र स्थानिक स्वराज्य खात्याचे मंत्री झाले. इथून पुढची कथा विदर्भातील जुन्या पिढीला अधिक परिचयाची आहे. जुलै १९३८मध्ये डॉ. खरे यांनी राजीनामा देऊन सहकाऱ्यांनाही तसे करण्यास सांगितले. रामराव देशमुख आणि गोळे यांनी ते मानले. रविशंकर शुक्ल, द्वारकाप्रसाद मिश्र आणि दुर्गाशंकर मेहता या महाकोशलच्या तिघांनी नकार दिला. गव्हर्नरांनी तिघांना बडतर्फ केले, खऱ्यांनी नवे मंत्रिमंडळ बनवले आणि काँग्रेसश्रेष्ठींनी चारच दिवसांत ते मोडून शुक्ल यांना गादीवर बसवले. डॉ. खरे यांना काँग्रेसबाहेर जावे लागले. नागपूरकरांच्या मनात महाकोशलच्या पुढाऱ्यांविषयी जी अढी बसली तिचे मूळ या प्रसंगात आहे, आणि त्या डावपेचांत मिश्र यांची बुद्धी चालली असे मानणारे दोन्ही बाजूंना होते. पुढे त्यांना चाणक्य म्हटले जाऊ लागले. त्या उपाधीची पहिली शिदोरी नागपूरची होती.

१९३९मध्ये जबलपूरजवळ त्रिपुरी येथे भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाचे यजमानपद महाकोशलकडे होते. गोविंददास स्वागताध्यक्ष होते. सुभाषबाबू आणि गांधीवादी गट यांच्यातील ताणामुळे हे अधिवेशन इतिहासात नोंदले गेले. त्यानंतरच्या तुरुंगवासात मिश्र यांनी अवधीत ‘कृष्णायन’ हे महाकाव्य रचले. राजकारण्याच्या हातून महाकाव्य लिहिले जाणे आणि त्याची हिंदी साहित्यात दखलही घेतली जाणे, हा आज अपवादच वाटावा.

१९४६ ते १९५१ या काळात ते मध्य प्रांत व वऱ्हाडचे गृहमंत्री होते. शुक्ल मुख्यमंत्री आणि मिश्र त्यांचा उजवा हात, अशीच प्रशासनाची घडी होती. तालुका पातळीवर लोकनियुक्त सभांकडे अधिकार सोपवणारी १९४८ची जनपद योजना मिश्र यांची. पंचायत राज्याची चर्चा देशात सुरू होण्यापूर्वी नागपुरात हा प्रयोग झाला, याचा महाराष्ट्रातही फारसा उल्लेख होत नाही. छत्तीसगढातील संस्थानांच्या विलीनीकरणात त्यांनी सरदार पटेल यांना साथ दिली. पटेलांच्या निधनानंतर दिल्लीतील वारे बदलले. पुरुषोत्तमदास टंडन यांना बाजूला सारून नेहरूंनी पक्षाध्यक्षपद स्वतःकडे घेण्यास मिश्र यांनी उघड विरोध केला आणि १९५१मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा देऊन ते काँग्रेसबाहेर पडले. त्यांनी काढलेला भारतीय लोक काँग्रेस हा पक्ष टिकला नाही. १९५६ ते १९६२ ते सागर विद्यापीठाचे कुलगुरू होते. नागपूरहून उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ जबलपूरला गेले ते याच काळात, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, राज्य पुनर्रचनेबरोबर. त्या न्यायालयात आपल्या नावाची कैफियत उभी राहील, याची कुलगुरूंना तेव्हा कल्पना असण्याचे कारण नव्हते.

चीनच्या आक्रमणानंतर नेहरूंचा राग निवळला आणि मिश्र पुन्हा काँग्रेसच्या प्रवाहात आले. विधानसभेत जाण्यासाठी त्यांनी निवडलेला मतदारसंघ जबलपूरपासून दूर, रायपूर जिल्ह्यातील कसडोल हा होता. १९६३च्या मे महिन्यात पोटनिवडणूक झाली. समाजवादी गोटातील कमलनारायण शर्मा हे प्रतिस्पर्धी. मिश्र विजयी झाले. पाचच महिन्यांत कामराज योजनेखाली भगवंतराव मंडलोई यांनी राजीनामा दिला आणि ३० सप्टेंबर १९६३ रोजी मिश्र मुख्यमंत्री झाले. पराभूत शर्मा यांनी मात्र निवडणूक याचिका दाखल केली होती.

मुख्यमंत्री म्हणून मिश्र यांचा कारभार कडक होता. सचिवालयाची त्यांच्यावर भक्ती होती आणि आमदारांना त्यांची धास्ती होती. या कठोरपणाची काळी बाजूही नोंदवली पाहिजे: २५ मार्च १९६६ रोजी जगदलपूरच्या राजवाड्यात पोलीस गोळीबारात प्रवीरचंद्र भंजदेव आणि त्यांचे आदिवासी अनुयायी मारले गेले, आणि बस्तरने त्याबद्दल या सरकारला कधी क्षमा केली नाही.

त्यांच्या कारकिर्दीतील एक कायदा मात्र प्रस्तुत विषयाच्या थेट गाभ्याशी जातो. तेंदूची पाने ही मध्य भारतातील जंगलांची सर्वांत मोठी रोख कमाई. जबलपूर, सागर, दमोहपासून गोंदिया-भंडाऱ्यापर्यंतचा विडी धंदा या पानावर उभा. पाने तोडायची आदिवासींनी, ती वाहून न्यायची ठेकेदारांनी आणि विडी वळायची घराघरांतल्या बायकांनी. सरकारी जंगलातील चोरीची पाने मालगुजारांच्या खासगी जमिनीतील म्हणून दाखवून विकली जातात, ही महसूल खात्याची जुनी तक्रार. १९६४च्या मध्य प्रदेश तेंदूपत्ता (व्यापार विनियमन) अधिनियमाने हा व्यापार सरकारी मक्तेदारीखाली आणला. खासगी जमिनीवरचे पानही सरकारलाच विकायचे, दर सरकार ठरवणार, खरेदी सरकारने नेमलेल्या अभिकर्त्यांमार्फत होणार, आणि मग ते पान खरेदीदारांना निविदेने दिले जाणार, अशी ही व्यवस्था होती.

कागदावर हा कायदा धनिकांच्या विरोधातला होता आणि तिजोरीला त्याचा लाभही झाला. परंतु ठेकेदार या व्यवस्थेतून गेला नाही. तो सरकारचा अभिकर्ता किंवा खरेदीदार बनून परत आला. पूर्वी त्याला मालगुजाराशी आणि वनरक्षकाशी जमवून घ्यावे लागे. आता कोणत्या युनिटचे पान कोणाला, हे भोपाळमध्ये ठरू लागल्याने त्याला मंत्र्याशी जमवून घेणे भाग पडले. तेंदूपत्त्याचे ठेकेदार हे या राज्यात निवडणूक निधीचे एक प्रमुख उगमस्थान मानले जाऊ लागले, त्याची मुळे इथे आहेत. मक्तेदारी आणताना तिच्या दारावर जमणाऱ्या गर्दीचा विचार फार कमी कायद्यांत केलेला आढळतो. मिश्र यांच्यासारख्या चाणाक्ष प्रशासकाच्या नजरेतून ही गोष्ट निसटली असेल असे मानवत नाही. ठेकेदार मुठीत ठेवता येईल, असा त्यांचा स्वतःवरचा विश्वास होता असेच म्हणावे लागते. तो विश्वास एका मुख्यमंत्र्यापुरता खरा ठरला तरी पुढच्यांसाठी व्यवस्था तशीच उघडी राहिली.

जानेवारी १९६६मध्ये लालबहादूर शास्त्री यांच्या निधनानंतर मुख्यमंत्र्यांची मोट बांधून इंदिरा गांधींच्या पाठीशी उभी करणारे मिश्रच. दिल्लीत त्यांचा शब्द वजनदार झाला. १९६७च्या निवडणुकीत निम्मी राज्ये काँग्रेसच्या हातून गेली, तरी मध्य प्रदेशात २९६पैकी १६७ जागा जिंकून मिश्र यांनी सत्ता राखली. ती चार-पाच महिनेच टिकली. ग्वाल्हेरच्या राजमाता विजयाराजे शिंदे यांच्याशी त्यांचे बिनसले होते. पचमढी येथील युवक काँग्रेसच्या मेळाव्यात राजेरजवाड्यांवर त्यांनी केलेली टीका हे त्याचे एक कारण, आणि ग्वाल्हेरच्या विद्यार्थी आंदोलनावरील गोळीबार हे दुसरे. राजमातांनी काँग्रेस सोडली; गुना लोकसभा मतदारसंघातून स्वतंत्र पक्षातर्फे आणि करेरा विधानसभा मतदारसंघातून जनसंघातर्फे अशा दोन्ही निवडणुका त्यांनी जिंकल्या आणि भोपाळमध्ये येऊन बसल्या. जुलै १९६७मध्ये शिक्षण खात्याच्या मागण्यांवर मतदानाची वेळ आली तेव्हा काँग्रेसचे ३६ आमदार गोविंद नारायण सिंह यांच्या नेतृत्वाखाली विरोधी बाकांवर गेले होते.

या ३६ जणांना कोणी काय दिले, याविषयी भोपाळमध्ये कथांना तोटा नाही. त्या पुराव्यांनिशी सिद्ध झालेल्या नाहीत, म्हणून इथे बाजूला ठेवलेल्या बऱ्या. मात्र एक आकडा संसदेच्या दप्तरी आहे. आयाराम-गयारामांच्या त्या हंगामानंतर लोकसभेने ठराव केला आणि गृहमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखाली पक्षांतरांवर समिती नेमली गेली. फेब्रुवारी १९६९मध्ये सादर झालेल्या तिच्या अहवालानुसार, मध्य प्रदेशसह सात राज्यांतील २१० पक्षांतरित आमदारांपैकी ११६ जणांना मंत्रिमंडळात स्थान मिळाले होते. पाकिटाचा पुरावा मिळत नाही. मंत्रिपदाची अधिसूचना राजपत्रात छापून येते. चव्हाण समितीचा अहवाल आजच्या खासदारांनीही चाळावा असा आहे. पक्षांतरबंदी कायदा त्यानंतर सोळा वर्षांनी, १९८५मध्ये आला. त्याच्या कक्षेबाहेर राहण्याची वाट, म्हणजे आमदारकीचाच राजीनामा देण्याची, मार्च २०२०मध्ये मध्य प्रदेशातील २२ काँग्रेस आमदारांनी दाखवून दिली. कमलनाथ सरकार कोसळवणाऱ्या त्या गटाचे नेते राजमातांचे नातू होते.

मिश्र यांचे १९६७चे सरकार ज्यांनी पाडले त्यांना कायद्याने हात लावला नाही. हात लागला तो मिश्र यांना, चार वर्षांपूर्वीच्या पोटनिवडणुकीसाठी. शर्मा यांच्या याचिकेचा प्रवास निवडणूक न्यायाधिकरणातून उच्च न्यायालयात आणि तिथून सर्वोच्च न्यायालयात झाला. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ७७ नुसार उमेदवाराने अथवा त्याच्या निवडणूक प्रतिनिधीने केलेला किंवा मान्य केलेला खर्च ठराविक मर्यादेत राहिला पाहिजे. मर्यादा ओलांडली तर कलम १२३(६) खाली तो भ्रष्टाचार ठरतो; पंचवीस पैशांनी ओलांडली की पंचवीस लाखांनी, हा प्रश्न कायदा विचारत नाही. हिशेबात न दाखवलेला खर्च धरला असता मर्यादा ओलांडली गेल्याचे न्यायालयात सिद्ध झाले. शुक्ल घराण्याच्या ‘महाकोशल’ या वृत्तपत्रात प्रतिस्पर्ध्याच्या उमेदवारीविषयी खोटी बातमी छापून आल्याचा मुद्दाही खटल्यात होता. १९७०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मिश्र यांचे अपील फेटाळले. सहा वर्षांची अपात्रता त्यांच्या वाट्याला आली. वय तेव्हा एकोणसत्तर.

कसडोलमध्ये मिश्र यांच्या प्रचाराची धुरा ज्या श्यामाचरण शुक्ल यांनी वाहिली, ज्यांचे वृत्तपत्र खटल्यात चर्चिले गेले, त्यांच्याच हाती मुख्यमंत्रिपद जावे हा योगायोग अनेकांना योगायोग वाटला नाही. ज्या रविशंकर शुक्लांचे मिश्र उजवे हात होते, त्यांचेच हे चिरंजीव. भोपाळमध्ये त्यावरून बरेच तर्क लढवले गेले. मात्र न्यायालयाने पाहिला तो कागद, आणि कागद मिश्र यांच्या विरोधात होता. वृत्तपत्रातील मजकूर निवडणूक खर्चात कसा मोजायचा, हा प्रश्न पुढेही सुटला नाही. २००९च्या निवडणुकीतील पेड न्यूजप्रकरणी अशोक चव्हाण यांच्याविरुद्ध निवडणूक आयोगाने २०१४मध्ये काढलेला आदेश आणि २०१७मध्ये मध्य प्रदेशचे मंत्री नरोत्तम मिश्र यांना आयोगाने ठरवलेली अपात्रता, दोन्ही दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द केली.

ज्या वर्षी मिश्र यांची वाट अडीचशे रुपयांनी अडली, त्याच वर्षी, १९६९मध्ये, संसदेने कंपन्यांनी राजकीय पक्षांना देणग्या देण्यावर संपूर्ण बंदी घातली. या प्रश्नाचा इतिहास मुंबईतून सुरू होतो. टाटा आयर्न अँड स्टील कंपनीने राजकीय निधीला देणगी देता यावी म्हणून आपल्या घटनापत्रात बदल मागितला, तेव्हा १९५७मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी प्रचलित कायद्यानुसार परवानगी दिली, परंतु हा पैसा लोकशाहीचा गळा घोटू शकतो असा इशारा देऊन संसदेला त्यात लक्ष घालण्यास सुचवले. १९६०मध्ये मर्यादा आली. १९६४मध्ये संथानम समितीने पूर्ण बंदीची शिफारस केली. आणि १९६७मध्ये स्वतंत्र पक्ष व जनसंघ यांच्याकडे उद्योगपतींचा ओघ वळलेला दिसल्यावर बंदीचा निर्णय खऱ्या अर्थाने निकडीचा वाटू लागला. पक्षांना सरकारी निधी मात्र दिला गेला नाही. निवडणुका महाग होतच होत्या. धनादेशाचा मार्ग बंद झाल्यावर पैसा रोखीने आला आणि परवाना राज्यात त्याचा उगम व परतफेड दोन्ही अंधारात गेले. इंदिरा गांधींचे सल्लागार म्हणून मिश्र या काळात दिल्लीत होते, काँग्रेसच्या फुटीच्या वेळी त्यांचा सल्ला घेतला जात होता. ज्या माणसाला किरकोळ खर्चाच्या कागदाने घरी बसवले, त्याच्या डोळ्यांदेखत हा नवा व्यवहार रुजत गेला.

त्यानंतर जे घडले ते कसडोलच्या संदर्भात वाचण्यासारखे आहे. १९७१च्या लोकसभा निवडणुकीत दिल्ली सदर मतदारसंघातून काँग्रेसचे अमरनाथ चावला निवडून आले होते. पराभूत उमेदवार कंवरलाल गुप्ता यांनी त्यांच्या खर्चाला आव्हान दिले. ऑक्टोबर १९७४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की उमेदवारासाठी त्याच्या संमतीने पक्षाने केलेला खर्चही उमेदवाराच्याच खात्यात धरला पाहिजे. तसे न केल्यास श्रीमंत पक्षाला मर्यादेचा अर्थच उरत नाही. चावलांची निवडणूक रद्द झाली. त्याच महिन्यात वटहुकूम निघाला आणि वर्षअखेर संसदेने कलम ७७ मध्ये स्पष्टीकरण घातले: पक्षाने अथवा अन्य कोणी केलेला खर्च हा उमेदवाराचा खर्च नव्हे. हा बदल पूर्वलक्षी होता. इंदिरा गांधींच्या रायबरेलीच्या निवडणुकीवरील खटला तेव्हा अलाहाबादेत चालू होता, हे विरोधकांनी सभागृहात ठणकावून सांगितले.

परिणाम असा झाला की कसडोलसारखा निकाल पुढे जवळपास अशक्य बनला. चाळीस जिपांचे भाडे पक्षाने दिले, पत्रके व्यापारी संघाने छापली आणि पेट्रोल हितचिंतकांनी भरले, की उमेदवाराचा हिशेब मर्यादेत बसे. म्हणजे पैसा स्वतःचा खर्च करणाऱ्याला कायद्याचा धाक राहिला आणि दुसऱ्याचा पैसा घेणाऱ्याला मोकळीक मिळाली. लोकप्रतिनिधी मिंधा होतो तो दुसऱ्याच्या पैशाने. २००३च्या दुरुस्तीने हे स्पष्टीकरण बरेच आकसले, तरी पक्षांच्या एकूण खर्चावर आजही मर्यादा नाही. कंपनी देणग्या १९८५मध्ये पुन्हा खुल्या झाल्या, २०१३च्या कायद्याने सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा घातली, २०१७मध्ये ती काढून टाकली, आणि निवडणूक रोख्यांसह ती सूटही सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी घटनाबाह्य ठरवली. मोठ्या राज्यांत उमेदवाराची मर्यादा २०२२पासून विधानसभेसाठी ४० लाख आणि लोकसभेसाठी ९५ लाख रुपये आहे. या मर्यादेत निवडणूक लढवल्याचे शपथेवर सांगणारे सभागृहात बसतात. त्यांच्यापैकी किती जणांवर त्याचा ताण दिसतो, हे मध्यवर्ती कक्षात चहा घेणाऱ्यांना ठाऊक आहे.

१९७४मध्ये सेठ गोविंददास यांचे निधन झाले. १९५२पासून ते लोकसभेचे सदस्य होते. त्यांच्या जागी झालेल्या जबलपूरच्या पोटनिवडणुकीत जयप्रकाश नारायण यांच्या आंदोलनाचा जनता उमेदवार म्हणून शरद यादव हा विद्यार्थी नेता उभा राहिला आणि निवडून आला. धनिक घराण्याच्या वारशाकडून लोकवर्गणीच्या उमेदवाराकडे ही जागा गेली, म्हणून देशभर तिची चर्चा झाली. पुढे १९९६च्या जैन हवाला प्रकरणात शरद यादव यांचेही नाव आले होते. त्या प्रकरणातील आरोप न्यायालयात टिकले नाहीत.

मिश्र यांची अपात्रता संपली तेव्हा देशात आणीबाणी होती आणि त्यांचा सक्रिय राजकारणातील उत्साह ओसरला होता. ते आत्मचरित्र लिहीत होते. ‘लिव्हिंग अॅन एरा’ या नावाने इंग्रजीत आलेल्या त्या ग्रंथात नेहरू, पटेल आणि नागपूरच्या जुन्या लढाया सविस्तर आहेत. त्यांचे पुत्र ब्रजेश मिश्र परराष्ट्र सेवेतून निवृत्त होऊन भाजपमध्ये गेले आणि १९९८मध्ये देशाचे पहिले राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार झाले. दिल्लीतील अनेक मराठी अधिकाऱ्यांना मिश्र हे नाव मुलामुळेच ठाऊक असते. शिष्यांमध्ये अर्जुन सिंह सर्वांत पुढे गेले. १९६३च्या मिश्र मंत्रिमंडळात ते राज्यमंत्री म्हणून दाखल झाले होते.

द्वारकाप्रसाद मिश्र यांचे निधन १९८८मध्ये झाले. त्याच वर्षी अर्जुन सिंह पुन्हा मुख्यमंत्री होते, आणि तेंदूपत्त्याच्या व्यापारातून ठेकेदारांना हटवून पाने तोडणाऱ्यांच्या सहकारी संस्थांकडे संकलनाचे काम देण्याचा निर्णय त्यांच्या सरकारने घेतला. गुरूने १९६४मध्ये केलेल्या कायद्यात ठेकेदाराला जी जागा मिळाली होती, ती चोवीस वर्षांनी काढून घेतली गेली. पुढील जानेवारीत अर्जुन सिंह यांचे मुख्यमंत्रिपद गेले.